सीआरपी किती आला?

१९३० साली न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात न्यूमोनियाचा रुग्ण दाखल झाला, की डॉक्टर 'क्रायसिस'ची वाट पाहत. पेनिसिलिन अजून औषध म्हणून हाती आले नव्हते, सल्फाच्या गोळ्याही यायच्या होत्या. पाच-सात दिवस ताप उतरायचे नाव घेत नसे, छातीचा भाता चालू असे आणि मग एखाद्या रात्री घाम फुटून ताप झरझर उतरे, नाहीतर रुग्ण हातचा जाई. यातले काय होणार, हे ओळखायला डॉक्टरांपाशी थर्मामीटर, स्टेथोस्कोप, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची मोजणी आणि अनुभव, हीच मुख्य सामग्री होती.

हे रुग्णालय १९१० साली सुरू झाले, ते रुग्णाच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न लगेच प्रयोगशाळेत नेता यावा म्हणून. न्यूमोनियावरच्या कामाचा कणा होते ओस्वाल्ड एव्हरी. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण डॉक्टरांत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे होते. न्यूमोनियाच्या जंतूचे, म्हणजे न्यूमोकॉकसचे घटक सुटे करून रुग्णाचे रक्त त्यातल्या कशाला प्रतिसाद देते, हे ते पाहत होते. जंतूच्या अंगातून काढलेल्या एका शर्करायुक्त अंशाला त्यांनी 'फ्रॅक्शन सी' असे नाव दिले होते. रुग्णाच्या सीरममध्ये हा अंश मिसळला, की नळीतला द्रव गढूळ होई आणि काही वेळाने तळाशी पांढरट साका बसे.

असा साका म्हणजे अँटिबॉडी, हा त्या काळचा सरळ हिशेब. अँटिबॉडी आजार ओसरताना वाढतात. इथे मात्र सगळे उलटे घडत होते. आजार ऐन भरात असताना साका भरपूर, ताप उतरला की कमी कमी होत काही दिवसांत नाहीसा. निरोगी माणसाच्या सीरममध्ये तो मुळीच नसे. रक्तात असे काहीतरी उतरत होते, जे जंतूला ओळखायला शिकल्यामुळे तयार झालेले नव्हते, केवळ शरीर संकटात असल्यामुळे आलेले होते. १९४१मध्ये एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि थिओडोर ॲबरनेथी यांनी हे एक प्रथिन असल्याचे आणि साका बसायला कॅल्शियम लागत असल्याचे दाखवून दिले. तेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आपल्या रोजच्या बोलण्यातला सीआरपी. तीनच वर्षांनी एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकलिन मॅकार्टी यांनी आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचे सिद्ध केले. न्यूमोकॉकसवरच्या चिकाटीच्या कामातून दोन्ही शोध आले, हे वैद्यकाच्या इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही.

टिलेट आणि फ्रान्सिस यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या आणि त्या दोन्ही वाटा या कथेत परत येतात. फ्रान्सिस विषाणूंकडे वळले. १९३४ साली त्यांनी प्वेर्तो रिकोमधल्या साथीच्या नमुन्यांतून इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला, १९४०मध्ये इन्फ्लुएन्झा-बी शोधला, आणि पोलिओच्या साल्क लसीची प्रचंड मोठी चाचणी त्यांच्याच देखरेखीखाली पार पडून १२ एप्रिल १९५५ रोजी तिचा निकाल जाहीर झाला. टिलेट रक्ताच्या गुठळीकडे वळले. १९३३मध्ये बाल्टिमोर इथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी गार्नर यांनी दाखवले, की स्ट्रेप्टोकॉकस जंतू असे द्रव्य सोडतात, ज्याने गोठलेले रक्त पुन्हा पातळ होते. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज आले. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला आपल्याकडे तालुक्याच्या गावातही वर्षानुवर्षे दिले गेलेले इंजेक्शन ते हेच.

सगळे न्यूमोनिया सारखे नसतात, हे रॉकफेलरच्या डॉक्टरांना १९१८मध्येच उमगू लागले होते. जंतूंच्या नेहमीच्या न्यूमोनियात पांढऱ्या पेशी पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातात. १९१८च्या इन्फ्लुएन्झात मरणाच्या दारात असलेल्या धडधाकट तरुणांच्या रक्तात त्या उलट घटलेल्या आढळत होत्या. रुग्णालयाचे प्रमुख रूफस कोल त्या सप्टेंबरात बोस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स या लष्करी तळावर गेले, तेव्हा तिथल्या शवागारात जागा उरली नव्हती. मुंबईत जूनमध्ये शिरलेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात दुप्पट जोराने उलटली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. साऱ्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. पांढऱ्या पेशी का घटतात, याचा अर्थ तेव्हा लागणार नव्हता. साथ कशाने आली हेच मुळी कळले नव्हते आणि पुष्कळ डॉक्टर फायफरच्या जंतूला दोष देत होते. पण रक्तातली ती खूण कागदावर नोंदवली गेली होती.

पुढची ठळक नोंद हाँगकाँगची. मार्च २००३मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयाच्या ८-ए वॉर्डात एका रुग्णापासून डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी, भेटायला आलेले नातेवाईक असे एकामागून एक आजारी पडू लागले. तो सार्स होता, विषाणूचाच न्यूमोनिया. आपलेच सहकारी खाटांवर असताना तिथल्या डॉक्टरांनी १३८ रुग्णांचे सगळे रिपोर्ट मांडून बसवले. जवळजवळ सत्तर टक्क्यांच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटलेल्या होत्या आणि एलडीएच हे एन्झाइम तितक्याच जणांत वाढलेले होते. ३२ जणांना आयसीयूत हलवावे लागले, पाच जण दगावले. कुणाची तब्येत ढासळेल हे तीन गोष्टींवरून सांगता येत होते: वय, एलडीएचने गाठलेली उंची आणि दाखल होताना वाढलेल्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी. एलडीएच पेशींच्या आत असते. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. फुफ्फुसात किती पडझड चालली आहे, याची ती कच्ची मोजदाद होती.

फ्रान्सिस यांची वाट इथे पुन्हा भेटते. २००६ साली व्हिएतनाममधल्या बर्ड फ्लूच्या १८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले १३ मरण पावले होते. गेलेल्यांच्या घशात विषाणू अधिक होता, त्यांच्या लिम्फोसाइट अधिक घटल्या होत्या आणि रक्तात सायटोकाइन नावाच्या संदेशवाहक प्रथिनांचा पूर आला होता. या प्रथिनांतले एक, इंटरल्युकिन-६, जपानमध्ये ओसाका इथे तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या चमूने १९८६मध्ये नेमके ओळखले होते. यकृताला सीआरपी तयार करायला सांगणारे मुख्य प्रथिन हेच. म्हणजे १९३०च्या नळीत बसलेल्या साक्यामागचा हुकूम कुणाचा, हे कळायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. इंटरल्युकिन-६चे दार बंद करणारे टोसिलिझुमॅब हे औषधही किशिमोतो यांच्याच कामातून आले आणि आधी सांध्यांच्या आजारासाठी वापरात रुळले.

२००९मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला. ऑगस्टमध्ये नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली. देशातला या आजाराचा पहिला मृत्यू पुण्यातच नोंदला गेला. त्या वेळी लोक बोलत होते ते मास्क, टॅमिफ्लू आणि घशातल्या स्वॅबबद्दल. रक्तातले आकडे डॉक्टरांच्या वर्तुळापुरतेच राहिले.

ते घराघरांत पोचले दहा वर्षांनी.

वुहानच्या जिनयिनतान रुग्णालयातल्या कोविडच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल 'लॅन्सेट'ने २४ जानेवारी २०२० रोजी छापला. त्यातल्या ६३ टक्क्यांच्या लिम्फोसाइट कमी होत्या. फेब्रुवारीत तोंगजी रुग्णालयातून १८३ रुग्णांच्या गोठण-तपासण्यांचा लेख आला. दगावलेल्यांपैकी ७१ टक्क्यांत रक्त गोठण्याची सारी घडी विस्कटली होती, वाचलेल्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जिनयिनतान आणि वुहान पल्मनरी या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३७ जण घरी गेले होते, ५४ जण गेले ते कायमचे. या लेखातल्या आलेखांत दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. वाचलेल्यांच्या लिम्फोसाइट आजाराच्या सातव्या दिवसाच्या सुमारास तळ गाठून वर येतात, गेलेल्यांच्या शेवटपर्यंत वर येत नाहीत. लोह साठवणारे फेरिटिन, एलडीएच, इंटरल्युकिन-६ यांच्या रेषा गेलेल्यांत चढत राहतात. आणि दाखल होताना ज्यांचे डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर होते, त्यांच्यात मृत्यूचा संभव हिशेबाने अठरा पटींनी जास्त निघाला.

डी-डायमर म्हणजे गुठळीचा तुकडा. रक्त गोठते ते फायब्रिनच्या धाग्यांनी; शरीर हे धागे तोडू लागले की जोडीने चिकटलेले बारीक अंश रक्तात सुटतात. जमिनीवर भुसा दिसला की वर करवत चालली असल्याचे कळते, तसे डी-डायमर वाढले की कुठेतरी गुठळ्या होत आणि विरघळत असल्याचे कळते. गुठळी विरघळण्याचे रसायनशास्त्र टिलेट यांनी १९३३मध्ये खुले केले होते; हा तुकडा मोजणारी चाचणी पन्नास वर्षांनी, १९८३मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून आली. १९३०च्या त्या शोधनिबंधाखाली सही करणाऱ्या दोघांपैकी एकाने फ्लूचा विषाणू पकडला, दुसऱ्याने गुठळी विरघळवणारे द्रव्य. नव्वद वर्षांनी विषाणू, साका आणि गुठळी एकाच रुग्णाच्या एकाच रिपोर्टवर एकत्र आले.

अठरा पट हा आकडा जगभर फिरला. त्याच्या शेजारी छापलेला दुसरा आकडा फारसा कुणी वाचला नाही. रुग्ण इतके थोडे होते, की खरी पट अडीचपासून सव्वाशेपर्यंत कुठेही असू शकत होती. शिवाय घरी गेलेले किंवा दगावलेले तेवढेच रुग्ण त्या हिशेबात होते. अजून खाटेवर असलेले नव्हते. लेखकांनी हे सगळे प्रामाणिकपणे लिहिले होते. साथीच्या धांदलीत ते मागे पडले.

पुण्यात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले. वर्षभरात राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला एक नवी भाषा येऊ लागली. 'स्कोर किती?' म्हणजे सीटी स्कॅनमधले पंचवीसपैकी गुण. 'सीआरपी किती आला?' 'डी-डायमर वाढलाय, आयएल-सिक्स करायला सांगितलंय.' व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो जायचा आणि ओळखीतल्या कुणा डॉक्टरचे उत्तर येईपर्यंत घरादाराचा जीव टांगणीला लागायचा.

त्या रिपोर्टमागे काय काय असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. रक्त काढणारा तंत्रज्ञ पीपीई किटमध्ये, चष्म्याच्या काचेवर वाफ धरलेली. जांभळ्या टोपणाची ट्यूब पेशींच्या मोजणीसाठी. निळ्या टोपणाची डी-डायमरसाठी. तिच्यात सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखायला ट्यूब खुणेपर्यंत भरावीच लागते. ती अर्धी राहिली तर नमुना परत. लाल किंवा पिवळ्या टोपणाची ट्यूब सीआरपी, फेरिटिन आणि एलडीएचसाठी. शीर सापडत नाही म्हणून सुईशी झटापट झाली आणि नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, की एलडीएच खोटेच वाढलेले दिसते. एकके तर आणखी घोटाळ्याची. एक लॅब सीआरपी लिटरमागे देते, दुसरी डेसिलिटरमागे. एकीकडचा ८० म्हणजे दुसरीकडचा ८. डी-डायमरचे आकडे कुठे ०.५ असतात, कुठे ५००, आणि दोन्हींचा अर्थ एकच असू शकतो. त्यातही दोन प्रकारची एकके आहेत, एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. काल एका लॅबमध्ये आणि आज दुसऱ्या लॅबमध्ये केलेल्या तपासणीवरून 'वाढले' की 'उतरले' हे ठरवताना अनुभवी डॉक्टरही दोनदा कागद पाहत. घरच्यांना हे कुणी सांगितले नव्हते.

आकडे खोटे नव्हते. कोण धोक्यात आहे, हे ते बऱ्यापैकी खरे सांगत होते. पण मग करायचे काय, याचे उत्तर त्यांच्यात नव्हते. ते आहे असे समजून उपचार झाले, तिथे माणसांना त्याची किंमत मोजावी लागली. सौम्य आजारात, ऑक्सिजन उत्तम असताना, नुसता सीआरपी वाढला म्हणून स्टिरॉइड सुरू केली जात होती. दिल्लीच्या 'एम्स'चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ३ मे २०२१ रोजी जाहीरपणे सांगितले, की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करू नका. कुठल्याही दाहात हे आकडे वाढतातच आणि त्यांच्यामागे लागून लवकर दिलेली स्टिरॉइड घात करू शकतात. त्याच महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची संख्या हजारांच्या घरात गेली. अनेकांचे डोळे, जबडे काढावे लागले. त्यामागे मधुमेह होता, आणि स्टिरॉइडचा अनिर्बंध वापरही होता.

स्टिरॉइड कुणाला द्यायचे, याचे उत्तर तोवर वर्षभराचे जुने झाले होते. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ब्रिटनभरच्या रुग्णालयांत 'रिकव्हरी' चाचणी उभारली. कुणाला औषध मिळणार आणि कुणाला नाही, हे संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखे ठरायचे. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आले, ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा तर नव्हताच, आकडे नुकसानीकडे झुकलेले होते. फायदा कुणाला, हे रक्ताच्या रिपोर्टवर नव्हे, ऑक्सिजनच्या गरजेवर ठरले होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने जे कळत होते त्याने शेकडो रुपयांच्या तपासण्यांपेक्षा अधिक काम केले.

टोसिलिझुमॅबची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात रक्ताचा आकडा अखेर कामी आला. 'सायटोकाइनचे वादळ' हा शब्द मार्च २०२०पासून सगळ्यांच्या तोंडी होता. इंटरल्युकिन-६ वाढलेय, तर ते अडवणारे औषध द्या, हा तर्क कुणालाही पटणारा. पण औषध कंपनीच्या चारशेहून अधिक रुग्णांच्या 'कोव्हॅक्टा' चाचणीत औषध घेतलेल्यांत १९.७ टक्के आणि न घेतलेल्यांत १९.४ टक्के दगावले. दरम्यान अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कोविडमधले सरासरी इंटरल्युकिन-६ हे जंतुसंसर्गाच्या सेप्सिसपेक्षा सुमारे २७ पटींनी कमी निघाले. वादळ हा शब्द रोगापेक्षा मोठा ठरला होता. 'रिकव्हरी'ची अट वेगळी होती: ऑक्सिजन कमी असलेला आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असलेलाच रुग्ण घ्यायचा. ४,११६ रुग्ण जमले, त्यातल्या बहुतेकांना स्टिरॉइडही चालू होते. फेब्रुवारी २०२१मध्ये उत्तर आले. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर. शंभरामागे चार जीव. टिलेट आणि फ्रान्सिस यांच्या नळीतल्या साक्याने इथे खरोखर उपचार ठरवला.

महाराष्ट्रात हे उत्तर पोचले तेव्हा दुसरी लाट अंगावर येत होती. सीआरपीची तपासणी काही शे रुपयांत होत होती. तिच्यावरून ठरणाऱ्या औषधाची एक कुपी सुमारे चाळीस हजारांची, तीही परदेशातून येणारी. माणसे चिठ्ठी हातात घेऊन मुंबई-पुण्यातली दुकाने पालथी घालत होती, काळ्या बाजारात कितीतरी पट मोजत होती. हैदराबादच्या कंपनीने बनवलेल्या त्याच औषधाच्या देशी प्रतिरूपाला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली ती सप्टेंबर २०२१मध्ये.

डी-डायमरच्या बाबतीत निकाल सर्वांत बोचरा लागला. गुठळ्या होतात, तर रक्त पातळ करणारे हेपारिन पूर्ण मात्रेत द्यावे, असे जगभर अनेक आयसीयूंत चालू होते. तीन मोठ्या चाचण्यांनी हातमिळवणी केली. आयसीयूतल्या १,०९८ रुग्णांत पूर्ण मात्रा घेतलेल्यांपैकी ६२.७ टक्के जिवंत घरी गेले, नेहमीची कमी मात्रा घेतलेल्यांपैकी ६४.५ टक्के. फायदा शून्य, रक्तस्रावाचा धोका मात्र जास्त. डिसेंबर २०२०मध्येच त्या गटात नवे रुग्ण घेणे थांबवले गेले. आयसीयूबाहेरच्या २,२१९ रुग्णांत मात्र पूर्ण मात्रेने फायदा झाला, आणि तो डी-डायमर जास्त असलेल्यांत झाला तसा कमी असलेल्यांतही झाला. ज्या आकड्याने वुहानमध्ये मृत्यू इतका स्पष्ट दाखवला, तोच आकडा औषध कुणाला द्यायचे हे सांगू शकला नाही.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी सप्टेंबर २०२०मध्ये दाखल रुग्णाचा धोका मोजण्याचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. ३५,४६३ रुग्णांवरून ते बांधले होते आणि आणखी २२,३६१ रुग्णांवर तपासून पाहिले होते. त्यात आठ गोष्टी आहेत: वय, लिंग, इतर आजार, श्वासांचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, युरिया आणि सीआरपी. रक्ताच्या तपासण्या यात दोनच. फेरिटिन नाही, इंटरल्युकिन-६ नाही, डी-डायमर नाही. युरियाची तपासणी तर गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही सरकारी रुग्णालयात होते.

२०२१च्या अखेरीस 'रिकव्हरी'ने इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियाचे रुग्णही घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यापुढच्या प्रश्नांत एक प्रश्न डेक्सामेथासोनचा होता. २००९च्या साथीत ज्यांना स्टिरॉइड दिले गेले त्यांच्यात मृत्यू अधिक दिसले होते, पण ती औषधे मुळात जास्त आजारी रुग्णांनाच दिली गेली असणार, त्यामुळे त्या नोंदींवरून निवाडा करता येत नाही. दोन्ही आजारांत सीआरपी चढतो, दोन्हींत लिम्फोसाइट घटतात, आणि तरीही कोविडमध्ये जीव वाचवणारे औषध फ्लूमध्ये काय करील हे रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगता येत नाही. म्हणून पुन्हा रुग्णांची संमती घेऊन, संगणकाची चिठ्ठी टाकून, कुणाला औषध द्यायचे आणि कुणाला नाही ते ठरवले जाऊ लागले.